गोळी सोमवारची, घंटा रोजची

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मेडिसिनच्या वॉर्डात सकाळचा राउंड चालू होता. रात्री दाखल झालेल्या एका ताईंपाशी आम्ही थांबलो. वय ५६. तोंड उघडायला सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठांच्या आतून, जिभेच्या कडेला, टाळ्याला, सगळीकडे पांढरट व्रण. तीन दिवस पाणीसुद्धा नीट गिळता येत नव्हतं. ताप १०२. दंडावर काळेनिळे डाग. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने रक्त तपासून ठेवलं होतं: पांढऱ्या पेशी ९००, प्लेटलेट ३४ हजार. पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजारांच्या दरम्यान हव्यात आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर.

डेंग्यूचे दिवस होते. केसपेपरवर पहिला संशय तोच लिहिलेला होता. पण डेंग्यूत तोंड असं आतून सोलवटून निघत नाही.

"ताई, गोळ्या कसल्या चालू आहेत?"

सुनेने पिशवीतून पट्टी काढली. मेथोट्रेक्झेट, १० मिलिग्रॅम. दहा गोळ्यांच्या पट्टीत दोन उरल्या होत्या.

"कधीपासून घेताय?"

"आठ दिवस झाले, डॉक्टरसाहेब. एक दिवस चुकवला नाही. मोबाईल रोज सकाळी आठला वाजतो ना."

ती पट्टी दहा आठवडे पुरायची होती. आणि चिठ्ठी माझ्याच ओपीडीतली होती.

औषध चांगलं, पण अंतराचं

मेथोट्रेक्झेट हे संधिवातातलं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमधलं, आमचं हातखंडा औषध. त्याचा जन्म मात्र कर्करोगाच्या संशोधनातला. आंध्रातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या लेडर्ली प्रयोगशाळेतल्या संशोधनाचे प्रमुख होते, तिथे फॉलिक ॲसिडला अडवणारी औषधं तयार झाली, त्यांपैकी हे एक. पेशीला दुभागायचं तर फॉलिक ॲसिड लागतं. हे औषध तो रस्ता अडवतं. कर्करोगात मोठ्या मात्रेत देतात. संधिवातात अगदी थोड्या मात्रेत, आणि आठवड्यातून एकदाच.

ही 'एकदाच'ची अट महत्त्वाची आहे. शरीरात ज्या पेशी भराभर वाढतात, म्हणजे हाडांच्या मगजातल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या, त्यांना सावरायला मधले सहा दिवस मिळतात. रोज गोळी गेली की ती उसंतच मिळत नाही. आधी तोंड येतं, मग जुलाब, मग पांढऱ्या पेशी कोसळतात आणि साधासा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. आठवड्याची गोळी रोज घेतल्यामुळे जगभर माणसं दगावली आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये केवळ ही एक चूक टाळण्यासाठी वेष्टनावरच्या ठळक इशाऱ्यासह अनेक उपाय सुचवले.

ताईंची गोळी बंद केली. फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, प्रतिजैविकं, सलाईन सुरू केलं. पाचव्या दिवशी ताप उतरला, आठव्या दिवशी त्या पेज प्यायल्या, तेराव्या दिवशी घरी गेल्या. त्या वाचल्या. पण घंटा रोज का वाजत होती, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

डोकं नसलेलं दुकान

आमच्या रुग्णालयाबाहेर एका धर्मादाय संस्थेचं स्वस्त औषधांचं दुकान आहे. आमच्याकडे एखादं औषध संपलं की रुग्ण तिथे जातात. तिथली रांग कमी व्हावी म्हणून संस्थेने मोबाईल ॲप केलं. चिठ्ठीचा फोटो पाठवा, फार्मासिस्ट तपासतो, औषध घरी येतं, शिवाय गोळीच्या वेळेला आठवणीची घंटा वाजते. गावाकडच्या रुग्णाचा एसटीचा खर्च वाचतो, दिवसाची मजुरी बुडत नाही. ॲपवर माझा राग नव्हता आणि आजही नाही.

ज्या तरुणाने ते केलं त्याला मी भेटायला बोलावलं. तो बिचारा घाबरतच आला. मी म्हटलं, "अरे, कोर्टात उभं करायला नाही बोलावलं. मला फक्त दाखव, हे चालतं कसं." त्याने लॅपटॉप उघडला. पुढचे दोन तास मी विद्यार्थी होतो. त्या दोन तासांत जे कळलं ते सांगण्यासाठीच हा लेख, कारण औषधांची असली ॲप आता गल्लोगल्ली होणार आहेत.

नेहमीच्या ऑनलाइन दुकानात पडदा आणि गोदाम एकाच व्यवस्थेत बांधलेले असतात. पडदा म्हणजे आपल्याला दिसतं ते, चित्रं, बटणं, यादी. गोदाम म्हणजे मागची नोंदवही, मालाची यादी, भाव, शिल्लक, ऑर्डर. 'हेडलेस' पद्धतीत हे दोन्ही वेगळे करतात. मागची नोंदवही तेवढी तयार मिळते, तिला चेहरा नसतो. चेहरा तुम्ही हवा तसा लावायचा: मोबाईल ॲप, वेबसाइट, दुकानातला टॅब, काहीही. एकाच नोंदवहीवर चार चेहरे चालतात, हा तिचा फायदा.

या दोघांमधलं बोलणं ज्यातून चालतं त्याला एपीआय म्हणतात. मला ते आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीसारखं वाटलं. आत कोणतं यंत्र आहे हे मला ठाऊक असायची गरज नसते. मी ठरलेल्या फॉर्मवर 'हिमोग्लोबिन' लिहून पाठवतो, ठरलेल्या रकान्यांत उत्तर येतं. एपीआयही तसंच. ॲप विचारतं, "या रुग्णाची ऑर्डर दाखव." मागून साध्या मजकुरात उत्तर येतं: औषधाचं नाव, घटक, ताकद, पट्टीत गोळ्या किती, भाव, शिल्लक, चिठ्ठी लागते की नाही.

आणि चेहरा लावायला हल्ली प्रोग्रामिंग शिकावंच लागतं असं नाही. 'लो-कोड' साधनांत तयार खोकी मिळतात: यादीचं खोकं, बटणाचं, तारखेचं, आठवणीचं. ती माउसने ओढून पडद्यावर ठेवायची आणि प्रत्येकाला सांगायचं, तू एपीआयच्या उत्तरातला अमुक रकाना दाखव. या जोडणीला मॅपिंग म्हणतात. त्या मुलाने सगळं ॲप तीन आठवड्यांत केलं होतं, एकट्याने. मला खरोखर कौतुक वाटलं.

रकाना भरला होता, पडद्यावर आला नाही

मग आम्ही ताईंची ऑर्डर उघडली. एपीआयचं कच्चं उत्तर त्याने पडद्यावर आणलं आणि मी चष्मा पुसून वाचलं. त्यात 'अंतर' नावाचा एक रकाना होता आणि त्यापुढे स्पष्ट लिहिलं होतं: आठवड्यातून एकदा. फार्मासिस्टने माझी चिठ्ठी बरोबर वाचली होती, बरोबर नोंदली होती. गोदामात सत्य होतं.

"मग घंटा रोजची कशी?"

त्याने आठवणीचं खोकं उघडलं. त्यात निवडीचे तीनच पर्याय होते: दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा. ॲप करताना त्याने आठ-दहा औषधं घेऊन चाचणी केली होती. मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, पॅरासिटामॉल. सगळी रोजची. एपीआयकडून 'आठवड्यातून एकदा' हा शब्द आला तेव्हा खोक्याला तो आपल्या यादीत सापडला नाही. न सापडलेली किंवा रिकामी किंमत आली तर काय करायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून खोक्याने यादीतला पहिला पर्याय उचलला. दिवसातून एकदा. ना लाल अक्षरं, ना चुकीचा संदेश. पडदा नीटनेटका, सुंदर दिसत होता.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, कुठेच एरर आली नाही. आली असती तर मला कळलं असतं."

वैद्यकात आम्ही हेच निराळ्या शब्दांत शिकवतो. दुखणारा आजार बरा, कारण तो माणसाला डॉक्टरकडे आणतो. न दुखणारा रक्तदाब आणि मधुमेह जास्त घात करतात. सॉफ्टवेअरचंही तसंच. जी चूक बंद पडते ती सापडते. जी चूक चालत राहते ती वॉर्डात येते.

त्याच बैठकीत सापडलेल्या आणखी तीन गोष्टी

एक सापडल्यावर आम्ही बाकीचंही तपासायला बसलो. फार्मासिस्टलाही बोलावून घेतलं.

पहिली गोष्ट यादीची. एपीआय सहसा सगळ्या नोंदी एकदम देत नाही, पानापानांनी देते. एका पानात २५० नोंदी येत होत्या. दुकानात औषधं ३१२. पुढचं पान मागायचं राहून गेलं होतं. यादी इंग्रजी अक्षरानुक्रमाने, त्यामुळे शेवटची ६२ औषधं ॲपमध्ये कधी दिसलीच नाहीत. ती कोणती? थायरॉक्सिन, व्हॅल्प्रोएट, वॉरफरिन. थायरॉइडची, फिट्सची आणि रक्त पातळ ठेवण्याची. शेवटच्या दोन औषधांत चार दिवसांचा खंड पडला तरी फिट येऊ शकते, झडपेवर गुठळी होऊ शकते. दुकानात माल होता आणि ॲप 'उपलब्ध नाही' म्हणत होतं. फार्मासिस्ट म्हणाले, "म्हणूनच ती औषधं ॲपवरून कोणी मागवत नव्हतं. मला वाटलं, लोकांना दुकानात येऊनच घ्यायची असतील."

दुसरी गोष्ट नेटवर्कची. आमच्या तालुक्यात रेंज येते-जाते. माणूस 'ऑर्डर करा' दाबतो, चक्र फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो. दोन ऑर्डरी जातात आणि घरात दुप्पट गोळ्या पडून राहतात. यावर उपाय सोपा आहे. बटण दाबण्याआधीच ॲपने त्या ऑर्डरला एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर मागच्या व्यवस्थेने नवी ऑर्डर न घेता जुनीच दाखवायची. आमच्या रक्तपेढीत एकाच पिशवीची दोनदा नोंद होऊ नये म्हणून पिशवीवर क्रमांक असतो, त्यातलाच प्रकार.

तिसरी गोष्ट किल्लीची. एपीआयशी बोलायला एक गुप्त किल्ली लागते, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांब ओळ. सहसा दोन तऱ्हेच्या किल्ल्या मिळतात. एक गिऱ्हाइकाची, जिने फक्त माल आणि भाव दिसतो. दुसरी मालकाची, जिने सगळ्यांच्या ऑर्डरी दिसतात. घाईत मालकाची किल्ली ॲपमध्येच टाकलेली होती. ॲप ज्याच्या मोबाईलमध्ये आहे त्यातल्या थोड्या जाणत्या माणसाला ती काढून घेता येते. मग गावात कोणाला एचआयव्हीची औषधं जातात, कोणाच्या लेकीला मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत, हे उघडं पडायला किती वेळ? मालकाची किल्ली ॲपमध्ये कधीच ठेवायची नसते. मध्ये स्वतःचा एक छोटा सर्व्हर ठेवायचा, किल्ली त्याच्याकडे, आणि त्याने प्रत्येकाला फक्त त्याचीच ऑर्डर द्यायची. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा माहिती जपण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो. पण कायदा नसता तरी आम्हा डॉक्टरांची गुप्ततेची शपथ होतीच.

कुलूप कुठे लावायचं?

वैद्यकाच्या इतिहासात याचं एक भयंकर उदाहरण आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रचंड जास्त किरणं दिली. काहींचा जीव गेला. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीच्या स्थितीत यंत्र चालूच होऊ नये अशी स्वतंत्र यांत्रिक कुलपं होती. नव्यात ती काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला. सॉफ्टवेअरमधल्या चुका काही आधीच्या मॉडेलपासून चालत आल्या होत्या, पण तिथे त्या कुलपांमुळे कोणाला इजा होत नव्हती.

मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की सुरक्षेचं कुलूप पडद्यावर लावून भागत नाही. पडदा उद्या बदलेल, परवा दुसरा कोणी दुसरा चेहरा लावेल. हेडलेस पद्धतीचा फायदा तोच, आणि धोकाही तोच. म्हणून कुलूप मागे, नोंदवहीतच हवं.

आम्ही तिघांनी मिळून बदल ठरवले. 'आठवड्यातून एकदा, फक्त सोमवारी' हे पूर्ण वाक्य आता मागची व्यवस्थाच तयार करून पाठवते. पडद्याने ते जसंच्या तसं दाखवायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. ओळखता न येणारं काहीही आलं तर घंटा लागतच नाही आणि 'फार्मासिस्टशी बोला' एवढंच दिसतं. अंदाज करण्यापेक्षा गप्प बसणं बरं. मेथोट्रेक्झेटसारख्या औषधांची वेगळी यादी केली. त्यांची ऑर्डर फार्मासिस्टने फोन करून रुग्णाकडून वार वदवून घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही, मग ती कोणत्याही पडद्यावरून येवो. आणि चाचणी करायची ती रोजच्या गोळ्यांवर नाही, आडवळणाच्या गोळ्यांवर: आठवड्याची, दिवसाआडची, अर्धी गोळी, 'दुखलं तरच' घ्यायची.

या बदलांना चार दिवस लागले.

माझा वाटा

सगळा दोष त्या खोक्यावर टाकून मोकळं होणं सोपं होतं. पण ताईंची चिठ्ठी मी पुन्हा काढून पाहिली. त्यावर मी इंग्रजीत, घाईघाईत, दोन शब्द खरडले होते. वार लिहिला नव्हता. मराठीत काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी ओपीडीत दीडशेच्या वर रुग्ण होते हे खरं, पण ते कारण ताईंच्या तोंडातल्या व्रणांना सांगता येत नाही. ताईंना मी तोंडी सांगितलं असेल. तरीही घरी गेल्यावर कानात राहिलेल्या शब्दापेक्षा हातातली घंटा मोठी ठरली. माणूस घंटेवर विश्वास ठेवणारच, ती त्यासाठीच तर दिली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये 'औषधाने इजा नको' ही जागतिक मोहीम हाती घेतली. तिचं सार माझ्या मते इतकंच की औषधाची चूक सहसा एका माणसाची नसते. चिठ्ठी, नोंद, पडदा, घर, अशी ती साखळी असते, आणि प्रत्येक कडीला ती थांबवायची संधी असते. आमच्याकडे चारांपैकी एकच कडी नीट होती, ती फार्मासिस्टची. आणि तिचंच म्हणणं पडद्यापर्यंत पोहोचलं नाही.

तुम्ही काय करायचं?

औषध ॲपवरून मागवा, हरकत नाही. पण एवढं पाळा.

• औषध हातात आलं की पट्टीवरचं नाव आणि ताकद चिठ्ठीशी स्वतः ताडून पाहा. ॲपवरचा फोटो पुरेसा नाही.

• ॲपची घंटा आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांत फरक दिसला तर गोळी घेऊ नका. आधी डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारा.

• काही गोळ्या रोजच्या नसतात. मेथोट्रेक्झेट, हाडं ठिसूळ होण्यावरची ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची गोळी किंवा पुडी, या सहसा आठवड्याच्या असतात. डॉक्टरांकडून वार लिहूनच घ्या. "आठवड्यातून एकदा" नको, "सोमवारी" हवं.

• मेथोट्रेक्झेट चालू असताना तोंड आलं, ताप आला, अंगावर निळे डाग उठले किंवा दम लागू लागला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

• ॲपमध्ये औषध 'उपलब्ध नाही' दिसलं म्हणून नेहमीची गोळी थांबवू नका. दुकानात फोन करा. फिट्सच्या, हृदयाच्या आणि थायरॉइडच्या रुग्णांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

• जे ॲप चिठ्ठी न मागता चिठ्ठीचं औषध देतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि जे तरुण अशी ॲप करतात त्यांना डॉक्टर म्हणून एक विनंती. चाचणीच्या दिवशी एखाद्या परिचारिकेला किंवा फार्मासिस्टला शेजारी बसवा. कोणती गोळी आडवळणाची आहे हे त्यांना तोंडपाठ असतं.

ताई आता दर महिन्याला तपासणीला येतात. मेथोट्रेक्झेट आम्ही पुन्हा दिलं नाही, दुसरं औषध चालू आहे, बोटं बऱ्यापैकी वळतात. मोबाईलवर त्यांचा आता विश्वास नाही. ड जीवनसत्त्वाची गोळी आठवड्याची आहे, तिच्यासाठी त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर प्रत्येक सोमवारभोवती पेनाने गोल केला आहे आणि गोळी घेतली की त्यात फुली मारतात. मागच्या खेपेला सुनेने मला त्या पानाचा फोटो दाखवला. चार गोल, चार फुल्या. माझ्या चिठ्ठीवर आता वार असतो. मराठीत, आणि वाचता येईल अशा अक्षरात.